रुग्णालयांची विश्वस्त मंडळे : दानाचा हिशेब आणि दुखण्याचा हिशेब

ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेतील इतिहासविषयक लेख म्हणजे कुळांची मूळ गावे, वतनांचे कागद आणि पूर्वजांचे पराक्रम यांची हकीगत, असा एक संकेत रूढ झाला आहे. संपादक मंडळाने या वर्षी प्रस्तुत लेखकाकडे लेख मागितला, तेव्हा त्या मळलेल्या वाटेने न जाता एका निराळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे वाटले. आपल्या वार्षिक सभेत दोन-तीन वर्षांआड एक सूचना हटकून येते, ती अशी की, समाजाने आपले स्वतःचे रुग्णालय काढावे. टाळ्या पडतात, आकडे बोलले जातात, कोणी आईच्या नावे खोली देऊ करतो, कोणी वडिलांच्या नावे खाट. हा उत्साह स्तुत्यच होय. परंतु रुग्णालय उभे राहिल्यावर त्याच्या कारभारावर नजर कोणी ठेवावयाची आणि ती कशी ठेवावयाची, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारलेला अद्याप ऐकिवात नाही. हा प्रश्न काही नवा नाही. त्यास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातून आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आम्हां लोणंदकरांना रुग्णालय ही गाडीत बसून गाठावयाची वस्तू आहे, असेच पिढ्यान् पिढ्या वाटत आले. लोणंद हे खंडाळा तालुक्यातील कांद्याच्या बाजारपेठेचे गाव आणि पुणे-मिरज लोहमार्गावरील एक स्थानक. घरगुती काढे आणि गावातील डॉक्टरांची औषधे संपली, की रोग्याला घोंगडीत गुंडाळून स्थानकावर आणावयाचे. तेथून एक वाट उत्तरेस पुण्याच्या ससून रुग्णालयाकडे जाई, दुसरी दक्षिणेस मिरजेकडे. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, म्हणजे या मार्गावर लहान रुळांची गाडी धावत होती त्या काळी, ‘मिरजेला नेले’ एवढे दोन शब्द कानी पडले तरी आळीतल्या बायका कामे टाकून ओट्यावर येत. त्या शब्दांत भीतीही असे आणि आशाही असे. मात्र तेथील कारभार कोण पाहतो, तो नीट चालला आहे की नाही हे कोण तपासतो, असा विचार कोणाच्या मनास शिवला नाही. डॉक्टर देव आणि रुग्णालय देऊळ, इतकीच आमची समजूत.

कारभाऱ्यावर देखरेख ठेवण्याची कल्पना मात्र आपल्या मुलखास अपरिचित नव्हती. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी किल्ल्यांचीच गोष्ट घ्या. शिवकाली किल्ल्याचा कारभार एका माणसाच्या मुठीत ठेवीत नसत. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे निरनिराळे अधिकारी असत. एकाकडे किल्ल्याचा बंदोबस्त, दुसऱ्याकडे हिशेब व कागदपत्र, तिसऱ्याकडे धान्य व सामान. हे अधिकारी भिन्नभिन्न जातींतून नेमीत, ही गोष्ट न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील १९०० सालच्या आपल्या ग्रंथात मुद्दाम निदर्शनास आणली आहे. हेतू उघड होता. एकाच नात्यागोत्यातील माणसे एकत्र बसली, की एकाची चूक दुसरा पोटात घालतो, आणि किल्ल्यावर अशी चूक पोटात घालणे म्हणजे किल्लाच गमावणे. पुढे पेशवाईत कमाविसदार व मामलेदार यांच्याजवळ मुजुमदार, फडणीस, चिटणीस आदी दरकदार असत. ते मामलेदाराच्या मर्जीने नेमले जात नसत व त्याला ते काढताही येत नसत. ज्यावर नजर ठेवावयाची त्याच्या मेहरबानीवर नजर ठेवणाऱ्याने जगू नये, हे तत्त्व त्या व्यवस्थेत होते. पुढे वतनदारीमुळे ती व्यवस्था सुस्तावली हे खरे, तथापि तत्त्व खोटे ठरत नाही.

आता रुग्णालयांकडे वळू. पश्चिम हिंदुस्थानातील आधुनिक रुग्णालयांचा प्रारंभ दान आणि सरकार यांच्या भागीदारीतून झाला. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या मोठ्या देणगीत कंपनी सरकारने आपली भर घातली. १८४३ साली कोनशिला बसली व १८४५ साली रुग्णालय सुरू झाले. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ साली खुले झाले. या व्यवस्थेत दात्याचे नाव इमारतीवर आले आणि कारभार सरकारी वैद्यकीय खात्याकडे गेला. दाता रक्कम देऊन मोकळा झाला. त्याने विचारावयाचे ते इतकेच, की इमारत उभी राहिली काय आणि तिच्यावर नाव कोरले काय.

मिरजेची गोष्ट निराळी. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे या भागात आले व पुढे मिरज संस्थानात स्थायिक झाले. १८९४ साली तेथे रुग्णालय उभे राहिले, १८९७ साली वैद्यकीय शिक्षणाची शाळा निघाली. पुढे कुष्ठरोग्यांसाठी व क्षयरोग्यांसाठीही व्यवस्था झाली. १९२८ साली डॉक्टरांना ‘सर’ हा किताब मिळाला. या रुग्णालयाचे अंतिम पालक न्यूयॉर्क येथील मिशन मंडळ होते. म्हणजे रोगी लोणंद-कऱ्हाडकडून येत आणि त्यांच्या रुग्णालयाचे पालकत्व सातासमुद्रापलीकडे असे. इतक्या दूरच्या मंडळास वॉर्डातून फिरता येत नव्हते. म्हणून मिशनच्या रुग्णालयांत दरसाल लेखी वृत्तांत पाठविण्याची शिस्त रुजली. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, खर्च किती, हे आकड्यांनी सांगावे लागे. दूरच्या दात्याला डोळ्यांनी काही दिसत नाही, म्हणून तो कागदावर मागतो. जवळचा विश्वस्त रोज दारावरून जातो, म्हणून त्यास सर्व ठाऊक आहे असे तो समजतो. या दोहोंत अधिक जाणता कोण, हा विचार करण्यासारखा आहे.

मुंबईत १९२६ साली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय व त्यास जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा दात्यांच्या विश्वस्तांनी एक अट घातली होती, ती ही की, तेथील जागांवर हिंदी डॉक्टरच नेमावेत. त्या काळी वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्यांच्या हाती असत. विश्वस्तांनी पैशाबरोबर धोरणही दिले, हे या प्रसंगाचे महत्त्व. विश्वस्त मंडळाने नुसते देऊन थांबू नये, संस्था कोणत्या मार्गाने जावी हेही ठरवावे, याचा हा आपल्याकडील नामांकित दाखला होय.

तरीही या सर्व कथेत एक प्रश्न राहून गेला. रुग्णालयात आलेल्या रोग्याचे पुढे काय झाले? तो बरा होऊन गेला, अर्धवट होऊन गेला, की नव्याच व्याधीने गेला? रोग्यांची संख्या ही कामाची मोजणी झाली. तीवरून फळाची मोजणी होत नाही. बाजार समितीत किती पोती उतरली हे सांगून शेतकऱ्याच्या हाती काय पडले हे कळत नाही, तसाच हा प्रकार.

हा प्रश्न प्रथम जोराने विचारणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव अग्रभागी येते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ते १८५६ या काळात, त्यांनी पाहिले की, जखमांपेक्षा रुग्णालयातील घाणीने व साथीने अधिक शिपाई मरत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी रुग्णालयांनी एकाच नमुन्याचे तक्ते ठेवावेत, असा आग्रह धरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा ग्रामआरोग्याविषयी पत्रव्यवहार झाला होता, ही गोष्ट आपणांस अभिमानाची वाटावी. परंतु त्यांच्या ग्रंथातील एका तक्त्याची हकीगत विश्वस्तांनी विशेष ध्यानी ठेवावी. १८६३ सालच्या आवृत्तीत लंडनच्या मोठ्या रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक दाखविले होते. हा आकडा आला कसा? वर्षभरातील मृत्यूंना एका ठराविक दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले होते. साहजिकच टीकेची झोड उठली. आकडा खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ लावताना भागाकार कशाने केला हे पाहणे आवश्यक होते. तसेच, जेथे अत्यवस्थ रोगी अधिक येतात तेथे मृत्यूही अधिक दिसणारच. तेवढ्यावरून त्या रुग्णालयास दोष देणे अन्यायाचे होईल. आकडे मागावेत, पण ते वाचावयासही शिकावे, हा यातील बोध.

दुसरे नाव अमेरिकेतील बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांचे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रोग्याची एक वर्षानंतर चौकशी करावी, गुण आला नसल्यास कारण शोधावे आणि ते उघडपणे नोंदवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते ज्या मोठ्या रुग्णालयात काम करीत, तेथे ज्येष्ठतेनुसार बढती मिळे. कोणाच्या हातून रोगी बरे होतात, हे पाहिले जात नसे. १९१४ साली त्यांनी तेथील जागेचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात मात्र त्यांनी आपला शब्द पाळला. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रोगी घरी गेले, आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांनी त्यांस वेड्यात काढले. पण बीज रुजले होते. अमेरिकन शल्यविशारदांच्या संस्थेने १०० वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा अगदी किमान कसोट्यांस अवघी ८९ उतरली. नामांकित रुग्णालयेही नापास झाल्याचे पाहून ती यादी १९१९ साली जाळून टाकण्यात आली, असे तेथील इतिहासकार सांगतात. मोठ्या नावाची भीड केवळ आपल्याकडेच असते असे नाही.

आपल्याकडे अशा भिडेची व गाफीलपणाची किंमत किती पडते, हे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसून आले. मेंदूवरील व डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठी रोग्यांना ग्लिसरॉल देण्यात येई. त्या वर्षीच्या प्रारंभी आलेल्या साठ्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि औषधखरेदीच्या पद्धतीपासून औषध प्रशासनापर्यंत व तेथून मंत्रालयापर्यंत अनेकांच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. विष बाटलीत शिरले ते एका ठिकाणी. पण ती बाटली रोग्याच्या खाटेपर्यंत येताना जेथे जेथे अडावयास हवी होती, तेथे कोणी ना कोणी न तपासता सही केली होती. ज्या रुग्णालयाची कोनशिला दानाच्या पुण्याईवर बसली, तेथे हे घडले, हे विसरता कामा नये.

परदेशी सारे आलबेल असते असेही नाही. इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रोग्यांची भयंकर आबाळ झाली. मदतीस माणूस नाही, वेळेवर पाणी नाही, अंथरूण बदललेले नाही, अशा तक्रारी घेऊन मृत रोग्यांचे नातेवाईक दारोदार हिंडले. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात २९० शिफारशी होत्या. त्या रुग्णालयास नियामक मंडळ होते, सभा होत होत्या, इतिवृत्ते लिहिली जात होती. परंतु मंडळाचे लक्ष खर्च कमी करण्याकडे आणि संस्थेस वरचा दर्जा मिळविण्याकडे लागले होते. त्यासाठी माणसे कमी केली गेली. ताळेबंद सुधारत होता, म्हणून रुग्णालय सुधारत आहे असे मंडळाने मानले. वॉर्डातील माणसांचा आक्रोश सभेच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही.

आता आपला कायदा काय सांगतो ते पाहू. १८६० चा संस्था नोंदणीचा कायदा आणि १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, ज्यास पुढे महाराष्ट्राचे नाव मिळाले, या दोहोंवर आपली बहुतेक धर्मादाय रुग्णालये उभी आहेत. दुसऱ्या कायद्याने विश्वस्तांना हिशेब ठेवणे व तपासून घेणे बंधनकारक केले. धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. गैरकारभार सिद्ध झाल्यास विश्वस्तास दूर करता येते. हे सारे दानाच्या रकमेचे रक्षण होय, आणि ते योग्यच आहे. १९८५ साली या कायद्यात ४१-कक हे कलम आले आणि खाटा कोणाच्या उपयोगी पडतात हा प्रश्न कायद्याने प्रथमच विचारला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार, हे कलम लागू असलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या, आणि देयकांच्या एकूण रकमेतून २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावयाचे. पण राखीव खाटेवर निजलेला निर्धन माणूस बरा होऊन गेला की नाही, हे विचारणे अजून विश्वस्तांच्या सदसद्विवेकावरच सोडलेले आहे.

सरकारी रुग्णालयांतही असाच प्रयत्न झाला. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. १९९४-९५ च्या सुमारास लोकांच्या सहभागाने ते रुग्णालय रिकामे करून साफ करण्यात आले, व त्यातून रोगी कल्याण समितीची कल्पना पुढे आली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांसही रुग्ण कल्याण समिती असते, हे किती ज्ञातिबांधवांस ठाऊक आहे? तीत लोकप्रतिनिधी असतात, गावकरी असू शकतात. ज्यास आपले रुग्णालय काढण्याची घाई आहे त्याने आधी या समितीच्या सभेस काय चालते याची चौकशी करावी, असे सुचवावेसे वाटते.

उत्तरदायित्व कोणाकडे हे स्पष्ट नसेल तर काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या वाडिया रुग्णालयांत जानेवारी २०२० मध्ये दिसले. स्त्रियांचे रुग्णालय १९२६ साली व बालकांचे १९२९ साली निघाले. दाते घराण्याचा न्यास, महानगरपालिका आणि राज्य शासन या तिघांचा त्यांच्या कारभाराशी संबंध. अनुदानाच्या थकबाकीवरून व कारभाराच्या आक्षेपांवरून वाद विकोपास गेला, रोग्यांना दाखल करून घेणे अडले, आणि अखेर प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले. कोणाचे बरोबर व कोणाचे चूक, हा येथे विषय नाही. तीन धनी भांडत असताना बालके दारात थांबली, इतके नोंदवून पुढे जाऊ.

येथवर दुसऱ्यांच्या गोष्टी झाल्या. आता स्वतःची सांगणे प्राप्त आहे, कारण ती सांगितल्याविना हा लेख अप्रामाणिक ठरेल. प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर सहा वर्षे होता. त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. दर तीन महिन्यांस सभा भरे. मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च मंजूर करणे, बांधकामाचा आढावा घेणे आणि देणगीदारांच्या नामफलकांचा विचार करणे, असा क्रम ठरलेला. व्यवस्थापक हे अध्यक्षांच्या नात्यातले, स्वभावाने गोड आणि चहापाण्यास तत्पर. सहा वर्षांत ‘या तिमाहीत किती रोगी दगावले?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेखकानेही विचारला नाही.

चौथ्या वर्षी लोणंदकडील एक परिचित शेतकरी तेथे अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. काम किरकोळ, आठवड्यात घरी जावयाचे. पण टाके चिघळले, पू झाला, ताप उतरेना. पाच आठवडे तो खाटेवर होता. रांगडा कांदा शेतात तयार होऊन पडला होता. काढणीला माणूस नव्हते, अवकाळी पावसाने निम्मा माल सडला. भेटीस गेलो असता ज्येष्ठ परिचारिका दाराआड घेऊन गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘साहेब, शस्त्रे निर्जंतुक करायचं यंत्र दोन महिने वाफ धरत नाही. मी दोनदा लिहून दिलंय.’ ते दोन अर्ज व्यवस्थापकांच्या खणात पडले होते. मंडळासमोर ते कधी आलेच नाहीत. त्याच सुमारास भरलेल्या सभेत आम्ही पाऊण तास कशात घालविला होता? नामफलकासाठी संगमरवर घ्यावा की काळा पाषाण, या चर्चेत.

पुढच्या सभेत प्रस्तुत लेखकाने विषय काढला, पण किती जपून! अध्यक्षांस वाईट वाटू नये, व्यवस्थापकांवर अविश्वास दाखविल्यासारखे होऊ नये, म्हणून ‘यंत्रसामग्रीची देखभाल’ असे गुळमुळीत शब्द वापरले. यंत्र दुरुस्त झाले. परंतु त्या दोन महिन्यांत आणखी किती जणांच्या जखमा चिघळल्या, हे आजतागायत कोणास सांगता येणार नाही, कारण तशी नोंदवही त्या रुग्णालयात नव्हती आणि आम्ही ती कधी मागितली नव्हती. भीड भिकेची बहीण असे आपले वडील सांगत आले. रुग्णालयात ती याहून वाईट नाते जोडते. त्या शेतकऱ्याच्या नुकसानीस व्यवस्थापक जितके कारण झाले, तितकाच त्या मंडळावरील प्रत्येक मुका विश्वस्त कारण झाला, आणि त्यांत प्रस्तुत लेखक आला.

या अनुभवावरून व वरील इतिहासावरून काही गोष्टी सुचतात. विश्वस्तांनी डॉक्टरांच्या कामात हात घालू नये. कोणते औषध द्यावे, कोणास आधी तपासावे, कोणाच्या पुतण्यास नोकरी द्यावी, हे त्यांनी सांगावयाचे नसते. त्यांनी विचारावयाचे असते. दर सभेत जमाखर्चाच्याही आधी रोग्यांचा तक्ता यावा. किती दाखल झाले, किती दगावले व कशाने, शस्त्रक्रियेनंतर किती जखमा चिघळल्या, घरी गेलेल्यांपैकी किती जणांस महिन्याच्या आत परतावे लागले, कोणती यंत्रे बंद आहेत, कोणती औषधे संपली, तक्रारी कोणत्या आल्या व त्यांचे काय झाले, इतके त्यात असावे. आगीपासून बचावाची साधने तपासल्याचा दाखलाही त्याच तक्त्यासोबत हवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० अर्भके गेली, हे कोणाही विश्वस्ताने विसरू नये.

परिचारिकेस व सफाई कामगारास व्यवस्थापकांस वळसा घालून मंडळाकडे लिहिण्याची मुभा असावी, व तसे लिहिल्याबद्दल त्यांच्या नोकरीस धक्का लागू नये. वर्षातून एकदा मंडळाबाहेरच्या, आणि शक्य तर अन्य गावच्या, जाणत्या डॉक्टरांकडून मृत्यूंच्या नोंदींची तपासणी करून घ्यावी. आणि अखेरची गोष्ट ज्ञातिबांधवांना कदाचित रुचणार नाही, तरी सांगतो. आपण रुग्णालय काढले तर त्याच्या मंडळावर निदान काही माणसे आपल्या ज्ञातीबाहेरची, दात्यांच्या नात्याबाहेरची आणि व्यवस्थापकांच्या ओळखीबाहेरची असावीत. किल्ल्याच्या बाबतीत जे पूर्वजांस उमगले होते, ते खाटेवरच्या रोग्याच्या बाबतीत आपणांस उमगू नये काय? आपली माणसे आपल्या माणसांस प्रश्न विचारीत नाहीत. हा दुर्गुण नव्हे, तो आपल्या आपुलकीचाच एक भाग आहे, पण त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंदास येते, तेव्हाचा एक शिरस्ता आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीच्या वेळी सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातील दंड उंच करतात आणि क्षणात हजारोंचा समुदाय निःशब्द होतो. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, त्याची वाट लावतात, आणि मगच पुढील कार्य चालू होते. तक्रार करणाऱ्या दिंडीस कोणी उद्धट म्हणत नाही. सर्वांदेखत तक्रार मांडण्याची सोय तेथे नित्यक्रमातच घातलेली आहे.

आपल्या येत्या वार्षिक सभेत रुग्णालयाचा ठराव पुन्हा येईल, तेव्हा निधीच्या आकड्यासोबत त्याच्या मंडळाची घटनाही मांडली जावी, आणि त्या घटनेत रोग्यांचा तक्ता, बाहेरचा तपासनीस व परिचारिकेचा अर्ज या तीन गोष्टींस जागा असावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. देणग्या देण्यात आपला समाज कधी मागे राहिला नाही. प्रश्न विचारण्यातही तो मागे राहू नये, एवढीच अपेक्षा.